रंगाऱ्यांच्या गाडीतला जनरेटर

एक होता रंगारी, एक होती त्याची बायको, एक होता त्याचा म्हातारा बाप, आणि या तिघांचं होतं एक घर, ज्याला चाकं होती. त्या घराच्या पोटाशी, मागच्या चाकाजवळच्या लोखंडी पेटीत जो गुरगुरत बसलेला असतो, तो मी. मी जनरेटर बोलतोय.

आमची गाडी जुनी. इतकी जुनी, की तिचा एखादा भाग मागायला गेलं तर दुकानदार आधी हसतो आणि मग बसायला खुर्ची देतो. आत दोन बाक, एक शेगडी, एवढीशी मोरी, खिडक्यांना पडदे. कुणा हौशी माणसाने ती फिरायला म्हणून घेतली होती. त्याची हौस फिटली आणि आम्ही दोघं एका कुंपणाआड गंजत पडलो. माझ्या धुराड्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं, तरी कुणी विचारलं नाही.

म्हातारा तेव्हा तरणाबांड होता. त्याने आम्हाला ओढत आणलं, तर त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. "घर आणा म्हटलं, तर हे भंगार घेऊन आलात?"

"भंगार कुठलं? रंग न दिलेलं घर आहे हे."

तेव्हापासून आम्ही गावोगाव हिंडलो. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, मिळेल ते काम. त्यांचा मुलगा याच गाडीत रांगला, सून याच गाडीत आली, सासूबाईंनी डोळेही इथेच मिटले. दिवे, पंखा, मिक्सर, सगळ्यांना वीज पुरवायचो तो मी. मी चालू झालो की "काय कटकट आहे" म्हणायचं, आणि बंद पडलो की माझ्या नावाने हाका मारायच्या. माणसांची ही तऱ्हा मला आजवर उमगलेली नाही.

जन्मभर रंगाचा वास आणि भिंतींची धूळ ओढून म्हाताऱ्याची छाती भरली. दोन शब्द बोलला की तिसऱ्याला अडकायचा. मग घरात एक मशीन आलं. हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं. त्याची स्वतःची एक लहानशी बॅटरी होती, पण तिचा जीव तो केवढा! खरं ते चालायचं विजेवर. आम्ही एका कारखान्याच्या अंगणात उभे होतो, तिथून वायर ओढून घेतली होती. मला महिनाभर विश्रांती.

घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यातून बोलावणं आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, उद्याच निघू." म्हातारा अडून बसला. "रंग उडालेल्या गाडीतून... मी नाही येणार. लोक म्हणतील... रंगाऱ्याचं घर बघा."

"लोकांचं काय घेऊन बसलात मामंजी, आधी तब्येत बघा," सून म्हणाली खरी, पण ब्रश तिनेच उचलला. हात असा, की भल्याभल्यांनी बघत राहावं. दुसरा कुणी वायरींच्या कडेकडेने ब्रश फिरवून मोकळा झाला असता. ही तशी नव्हे. माझी पेटी उघडली, जे सुटतं ते सगळं सोडलं, खाली घासलं, पुसलं, दोन हात निळा रंग दिला आणि वाळल्यावर नट पुन्हा आवळले. म्हातारा खुर्चीतून बघत होता. म्हणाला, "छान. नखाला... लोखंड लागता कामा नये."

आणि तिथेच माझा गळा आवळला गेला.

सांगणार कोण, तर मीच सांगतो. मी रबरी पायांवर बसलेला, म्हणून माझ्या अंगातून एक जाड काळी वायर निघते आणि गाडीच्या लोखंडी चौकटीला नटाने बसते. विजेची परतीची वाट ती. आणि विजेचं असं आहे, की परतीची वाट नसेल तर ती यायलाच तयार होत नाही. सुनेने त्या वायरीखालीही रंग दिला होता. लोखंड आणि वायर यांच्यामध्ये निळा पडदा, आणि रंगातून वीज जात नाही. मला कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

घाटात अर्ध्या वाटेवर लाकडांचा ट्रक आडवा झाला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. ऊन रणरणत होतं. मशीनची बॅटरी उतरायला लागली तशी मुलाने माझं बटण दाबलं.

टक.

पुन्हा दाबलं. टक. बस, एवढंच.

"अहो, बॅटरी गेली असेल."

"दिवे लख्ख लागतायत की! बॅटरीला काय धाड भरलीय?"

त्याने फ्यूज काढून पाहिला, चांगला. डिझेल पाहिलं, भरपूर. गाडीचं इंजिन चालू ठेवलं होतं, पण त्याची वीज दिव्यांपुरती. मशीनला घरातल्यासारखी वीज लागते, ती फक्त माझ्याकडे. त्याने हातोडीने माझ्या बरगडीत दोन ठोके दिले. दुखलं, पण मी कसला फिरतोय.

मागच्या टेम्पोचा ड्रायव्हर उतरून आला. "धक्का मारू का, दादा?"

"जनरेटरला धक्का मारतात होय?"

"मग शिव्या घालून बघा. माझा टेम्पो त्यावरच चालतो."

तेवढ्यात आतून मशीन टीं टीं करायला लागलं. ड्रायव्हरने खिडकीतून डोकावलं. म्हाताऱ्याचे ओठ काळेनिळे पडले होते. ड्रायव्हरच्या तोंडावरचं हसू गेलं. तो गाड्यांच्या रांगेतून पळत सुटला, कुणाकडे वीज आहे का, कुणाकडे सिलिंडर आहे का, विचारत. परत आला तो नुसती मान हलवत.

"तू बटण दाबून धर," मुलगा बायकोला म्हणाला आणि पाना घेऊन माझ्याखाली शिरला. एक नट पिळताना पाना निसटला. त्याचं एक टोक माझ्या अंगाला लागलं, दुसरं चौकटीला, जिथे वाटेत दगड उडून रंगाचा टवका गेला होता तिथे. चर्रकन ठिणगी उडाली आणि मी अर्धा फेरा फिरलो! शपथेवर सांगतो, महिन्याभरात पहिल्यांदा मला श्वास आला.

"थांबा! आत्ता तो फिरला. काय केलंत?"

"काही नाही गं, पाना निसटला."

"कुठे लागला?"

"इकडे याला, आणि तिकडे तो टवका उडालाय ना, त्याला."

ती खाली वाकली. टवक्याकडे पाहिलं, मग त्याच्याशेजारच्या काळ्या वायरीकडे. तिचा चेहरा उतरला.

"ही वायर मी सोडली होती."

"कशाला?"

"खाली रंग द्यायला."

मला वाटलं, आता हा फुटणार. पण त्याने खिशातली लांबी, म्हणजे पुट्टी, ओढायची पत्री काढून तिच्या हातात दिली. "खरवड."

नट रंग चढलेल्या आट्यांवर घट्ट बसलेला. तिने पाना लावला, निसटला. पुन्हा लावला. आणि मशीनचं टीं टीं थांबलं. बॅटरी संपली होती.

"मामंजी! मामंजी, ऐकताय ना?"

खिडकीतून धाप ऐकू आली. मग तुटक शब्द. "रंग... चांगला... बसलाय. सुटायला... वेळ... लागणारच."

ती रडत होती की हसत होती, मला सांगता यायचं नाही. टेम्पोवाल्याने सगळं वजन टाकून पाना दाबला आणि नट कर्रकन सुटला. तिने पत्री चालवली. निळ्या रंगाच्या साली निघाल्या, खालून लोखंड चकाकलं. पॉलिश पेपरचा हात मारला, वायर टेकवली, आवळली. मुलाने बटण दाबलं.

मी पेटलो. काळा धूर सोडला, खोकलो आणि धडधडायला लागलो. आत मशीनचा हिरवा दिवा लागला. इतका मोठ्याने मी जन्मात ओरडलो नव्हतो, पण त्या दिवशी कुणी "कटकट" म्हटलं नाही. टेम्पोवाला तर माझ्या पेटीवर हात ठेवून बसून राहिला, जणू नाडी बघतोय. ट्रक हलेपर्यंत मी थांबलो नाही. पुढे दवाखान्याच्या दारापर्यंत थांबलो नाही.

तिथे म्हाताऱ्याच्या छातीत साचलेलं पाणी काढलं, औषधं बदलली, बरेच दिवस ठेवून घेतलं. आता नळी खुंटीला टांगलेली असते. मशीन बाकाखाली, त्याच्यावर धुतलेली चादर. आणि मी? मला कुणी विचारत नाही. माझ्या जातीतले बाकीचे अशा वेळी रडगाणं गातात, की आम्हाला विसरले, आम्हाला टाकून दिलं. मी नाही गाणार. मी गप्प आहे, म्हणजे माझ्या घरात सगळं ठीक आहे.

एवढंच मागणं आहे, महिन्यातून एकदा मला थोडा वेळ चालवत जा. पंखा लावा, मिक्सर लावा, काहीतरी ओझं द्या. नुसतं बसून डिझेल नासतं आणि अंग आखडतं.

काल मुलगा नव्या दुकानाची पाटी रंगवत होता. म्हातारा आपल्या पायांनी पायऱ्या उतरून खाली आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "अरे गाढवा, ही काय रेघ म्हणायची का, तुझ्या आजीने सुद्धा डोळे मिटून याच्यापेक्षा सरळ ओढली असती, आण तो ब्रश इकडे आणि बघ कसं करतात ते!"

मधे कुठे थांबला नाही. एका दमात बोलला.