बिनलसणाचे बिबडे

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाच दिवस उरले होते. ब्राह्मणपुरीत महिनाभर असं कोरडं ऊन पडत होतं, की सकाळी घातलेले ज्वारीचे बिबडे संध्याकाळी पापडासारखे खडखड वाजत. सिंधुबाईची लेक दीपमाला लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार होती.

शेजारच्या गच्चीवर सिंधुबाईची थोरली जाऊ कौसाबाई, तीही बिबडे घालत होती. मध्ये कमरेएवढी भिंत, पण अकरा महिने दोघींचं बोलणं बंद. दीपमालाला लहानाचं मोठं केलं ते कौसाबाईने. सिंधुबाई शेतात असायची. तरी लग्नात हळद लावायच्या वेळी कोणीतरी कुजबुजलं, ‘विधवेचा हात नको,’ आणि सिंधुबाई गप्प राहिली. कौसाबाई मांडवातून उठून गेली ती गेलीच.

तेव्हापासून नळाला पाणी आलं एवढं सांगायचं झालं, तरी दोघी अंगणातल्या चांदी गाईला सांगत.

“चांदे, नळले पानी उनं.”

पलीकडून उत्तर येई, “चांदे, आमले कान शेतस.”

सिंधुबाईचा मुलगा हेमराज हसायचा, “माय, एक दिन चांदीच कटाळीसन बोलाले लागी!”

त्या दुपारी तीनच्या सुमाराला वारा एकाएकी पडला. सातपुड्याच्या अंगाने आभाळ काळंनिळं होत आलं आणि पाठोपाठ धुळीचा लोट उठला. सिंधुबाईने आणि हेमराजने बिबडे चादरीत गोळा करून खाली आणले. तिने अंगणातून वर पाहिलं, तर कौसाबाई अजून गच्चीवरच. लोखंडी खाटेवर वाकून ओले बिबडे एकेक करून सोडवत होती. एवढ्यात वीज चमकली.

“चांदे, खाले ऊतर! ईज पडी!” सिंधुबाई सवयीने ओरडली.

वरून उत्तर आलं, “चांदे, तू ते खालेच बांधेल शे. तुले वर कोन देखी ऱ्हायनं?”

पुन्हा वीज कडाडली. या वेळी इतकी जवळ, की चांदीने खुंटा उपटायला घेतला. अकरा महिने न मारलेली जावेची हाक सिंधुबाईच्या तोंडून निघाली.

“बाई! ओ बाई! तुम्ही खाले या!”

कौसाबाईच्या हातातला बिबडा तसाच राहिला. ती कठड्यापाशी आली.

“माले बोलनी का?”

“तुमलेच व! या लवकर!”

कौसाबाई जिन्याच्या चौथ्या पायरीवर असेल, वरची गच्ची पांढरीफटक उजळली. ती मटकन बसली. सिंधुबाईने धावत जाऊन तिला कवेत धरलं. मग जो पाऊस आला, त्यात दोघी तिथेच भिजत बसल्या.

पाऊस थांबल्यावर वर जाऊन पाहिलं. खाटेजवळचा डिशचा पाइप काळा ठिक्कर पडला होता आणि बिबड्यांचा लगदा झाला होता. सिंधुबाईने त्यातला चिमूटभर जिभेवर ठेवला.

“बाई, लसून टाका नही?”

बिनलसणाचे बिबडे गुरांना घालावेत, असं कौसाबाई जन्मभर म्हणत आलेली.

“दीपीले चालत नही,” कौसाबाई दुसरीकडे बघत म्हणाली.

सिंधुबाई खाटेवरचा लगदा ओंजळीने गोळा करू लागली. ती म्हणाली, “तव्हय मी बोलाले पाहिजे व्हतं.”

“हा, पाहिजे व्हतं,” कौसाबाई म्हणाली. “चाल आते, डोकं पुस.”

दीपमाला आखाजीला आली, दोघींच्या घरी जेवली. आता तिला मुलगी आहे, आणि तिलाही लसूण चालत नाही. पुढच्या वर्षी हेमराजचं लग्न झालं. कुजबुजणाऱ्या बाया मांडवात होत्याच. पहिली हळद कौसाबाईने लावली आणि सिंधुबाईने वाटी धरली. कौसाबाईच्या डाव्या कानात वीज पडल्यापासून गुंई गुंई होतं, पण स्वतःबद्दलचं तिला बरोबर ऐकू येतं. दोन गच्च्यांमधली भिंत हेमराजने पाडली. चांदी दोनदा व्यायली. तिला आता कोणी काही सांगत नाही. पण जावा भांडायला लागल्या, की ती रवंथ थांबवून कान टवकारते.