मुठीतला बिल्ला

माझा धाकटा दीर चंद्रभान त्या दिवशी मुंबईहून न कळवता आला, आणि पायसुद्धा न धुता घर तपासायला लागला.

त्याच्या हातात करड्या रंगाची एक पेटी होती आणि पेटीला वायरने जोडलेली नळी. ती नळी त्याने भिंतीला लावली, माठाला लावली, बंद पडलेल्या हातमागाला लावली. देव्हाऱ्यातले देवही सोडले नाहीत. पेटी मधूनच टिक् करायची, की तो नळी तिथेच धरून ठेवायचा.

"काय हरवलं, भाऊजी?" मी विचारलं.

"वहिनी, पोरायले बाहेर न्या आधी."

"काहून? घरात साप आहे का?"

"साप असता तर बरं झालं असतं," तो म्हणाला. माझ्या हातातली परात तिथेच राहिली. हा माणूस घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

चंद्रभान विमानांचं शास्त्र शिकला, मग रॉकेटच्या कामात गेला, आणि गेली सात वर्षं एकाच प्रश्नावर बसला होता: माणसं उद्या आकाशात घर करून राहू लागली, तर तिथल्या किरणांपासून त्यांना वाचवायला भिंत कशाची आणि केवढी जाड करायची? नागपुरात आमच्या गोळीबार चौकात लोक विचारत, "काय गा चंद्रभान, आमच्यासाठी खालचा मजला ठेवशील नं?" तो हसायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं मी त्याच्या रद्दीतून शिकले, म्हणून मला एवढं तरी सांगता येतं. त्या कामासाठी त्याला दोन वर्षं परदेशी बोलावलं होतं. जायची तारीखही ठरली होती.

प्रयोगशाळेत तो शर्टावर एक बिल्ला लावत असे. आत फोटोची फिल्म असते, तिच्यावर किरणं पडली की ती काळी होते, आणि माणसाच्या अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. निरोप घ्यायला तो अधिक महिन्याच्या आधी आला, तेव्हा तो बिल्ला चुकून शर्टासोबत इथे आला आणि इथेच खुंटीवर राहिला. पंधरा दिवसांनी आमचे हे सुताच्या कामाने मुंबईला गेले, तेव्हा नेऊन दिला.

"ती फिल्म तव्यासारखी काळी निघाली, वहिनी. साहेब म्हणते, एवढी किरणं घेतलेला माणूस पाठवता येत नाही. माझं रक्त तपासलं, ते चांगलं आहे. म्हणजे मी नाही. मग बिल्ला तर या घरातच होता!"

ज्या घरात मी वीस वर्षं पोळ्या लाटल्या, त्याच्या भिंतींकडे मी परक्यासारखी बघायला लागले. त्याने नळी माझ्या लहान्याच्या पोटाशी धरली, तेव्हा मी डोळेच मिटले.

टिक्. मग बराच वेळ काही नाही. मग टिक्.

"एवढं तर कुठंही वाजते," तो म्हणाला आणि पायरीवर बसला. "घरात काहीच नाही."

तेवढ्यात सासूबाई कथेहून आल्या. अधिक महिना लागल्यापासून त्या रोज दुपारी देवळात कथेला जात. येताना प्रसाद कधी आणत नसत. मला वाटायचं, वाटेतच संपवत असतील. रविवारी मात्र त्यांचे गुडघे दुखत आणि कथा बुडे.

"अगं बाई, चंद्रभान! अजून गेला नाहीस तू?"

"माझं जाणं थांबवलं, आई." त्याने बिल्ल्याचं सांगितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्या फिल्मवर धातूच्या पट्ट्या असतात. त्यांच्या सावलीवरून किरणं कोणत्या जातीची ते कळते. ही कोबाल्टची आहेत. नागपुरात कोबाल्टचं यंत्र कुठं असते मले माहीत आहे. कोण गेलं होतं तिथं?"

मी म्हटलं, "कुठं?"

"कॅन्सरच्या दवाखान्यात."

सासूबाईंनी पदर सारखा केला. आणि मला एकदम दिसलं, की महिनाभर त्या पदर त्याच एका बाजूला असा दाबून धरताहेत. महिनाभर त्यांनी मला पाठ चोळायला बोलावलेलं नाही. आणि कोणतीच कथा रविवारी बंद नसते. दवाखाना असतो. माझ्या नाकासमोरून रोज एक बाई किरणांचा शेक घ्यायला जात होती, आणि मी तिच्या प्रसादाचा हिशोब करत होते.

"छातीत गाठ आहे," त्या म्हणाल्या, जसं काही दुधाचा भाव सांगत होत्या. "डॉक्टरीण चांगली आहे. रोज शेक देते. अजून चार राहिले."

चंद्रभानने विचारलं ते भलतंच. "मग बिल्ला काहून नेला?"

"तूच तं म्हणालास. नोकरीले लागला तवा मी रडून राहिली होती, की पोरगा किरणांत काम करते. तू म्हणे, आई, हा बिल्ला आहे नं, मग काळजी नाही. म्हटलं, पोराले सांभाळते तं मलेही सांभाळंल. मागाच्या सुताचा गोफ केला, गळ्यात घातला. दवाखान्यातले म्हणे, बाई, गळ्यातलं काढा. काढलं, अन् मुठीत धरलं."

"तो वाचवत नाही, आई. तो फक्त मोजते."

"असं का," सासूबाई म्हणाल्या. "मले तं फायदा झाला."

तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही. मग उठून म्हणाला, "मी परदेशी जात नाही. साहेबांना कळवतो, खरं काय ते."

"खरं कळव. पण जात नाही हे नको कळवू." त्यांचा आवाज चढला. "याच्यासाठीच तं लपवलं मी! तू राहिला, तं मी उद्यापासून शेक घेत नाही. खरंखरं कथेलेच जाईन."

"आई, हे काय बोलून राहिलीस? ही तं धमकी झाली!"

"हो, झाली. यमू, चहा टाक वं."

मी चहा टाकला. चुकून साखर दोनदा टाकली. सगळ्यांनी तो पाक गपचूप प्यायला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आणि मी सायकलरिक्षात, चंद्रभान मागे सायकलवर, असे आम्ही दवाखान्यात गेलो. तो डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ बोलला. गाठ लहान झाली होती. पुढचं पुढे, असं त्या म्हणाल्या.

शेक देण्याची खोली बघून मला धक्का बसला. दार लोखंडी, आणि भिंत एवढी जाड की तिच्यात आमचं न्हाणीघर मावलं असतं. चंद्रभान त्या भिंतीकडे बघत होता. त्याच्या भिंती किरणं बाहेर ठेवण्यासाठी होत्या. ही भिंत किरणं आत ठेवण्यासाठी होती, आणि त्यांच्यासोबत त्याच्या आईला.

"आत कोणीच नाही राहत," सासूबाई मला हळूच म्हणाल्या. "झोपवते, अन् दार लावून सारे पळते. म्हणून वं मूठ रिकामी बरी नाही वाटत."

त्यांनी हे मला सांगितलं, पण ऐकलं त्याने. त्याने खिसे चाचपले. किल्ल्यांच्या कडीत ॲल्युमिनियमची एक चकती होती, त्याच्या आकाशातल्या भिंतीसाठी केलेल्या नमुन्याचा तुकडा. ती त्याने सोडवली आणि पुढे केली.

"हे तरी वाचवते का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, हो म्हणेल. आता काय जात होतं हो म्हणायला?

"नाही, आई. कोबाल्टपुढं हे कागदासारखं आहे."

"मंग असू दे," म्हणत त्यांनी चकती घेतली आणि मूठ मिटली.

दार लागलं. वर लाल दिवा पेटला. चंद्रभानने तळवा भिंतीवर टेकवला.

"साहेब, मागे व्हा," यंत्रावरचा माणूस म्हणाला. "तुम्हाला माहीत नसेल, इथं धोका असतो."

तो मागे झाला नाही. दिवा विझेपर्यंत तसाच उभा राहिला.

सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या. चकती त्यांनी परत दिली नाही.

"विमान कधीचं?" त्यांनी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंचा हात धरला आणि रिक्षाकडे निघाले.

"साहेबांनी ऐकलं, तं पुढच्या मंगळवारचं," तो म्हणाला. "तोवर तुझे शेक संपते. रोज मी येईन."

"ये. पण भिंतीले टेकून उभा नको राहू," त्या रिक्षात चढता चढता म्हणाल्या. "लोकायले वाटंल, तुलेच काही झालं."