खांबावरची काच

लातूरच्या बाजारातल्या त्या जुन्या दुमजली कॉम्प्लेक्सच्या तपासणीला जायचं म्हटलं की धम्मप्रियाचा पाय उचलायचा नाही. महापालिकेत इंजिनियर झाली खरी, पण तळमजल्यावरचं टेलरिंगचं दुकान होतं चंद्रप्पाकाकांचं. तिच्या शाळेचे सगळे गणवेश त्यांनीच शिवलेले. पोरगी भराभर वाढतेय आणि आईला दरसाल कापड झेपत नाही, हे ओळखून काका आत चांगली चार बोटं दुमड ठेवायचे. अशा माणसाच्या दुकानाला कुलूप ठोकायचं? छे!

दुकानातल्या खांबाला भेग गेली होती. पावसाळ्याआधी धम्मप्रियाने त्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली. भेग वाढली की काच तडकणार, आणि काच तडकली की इमारत रिकामी करायची. पण काकांना ती एवढंच म्हणाली, "सांभाळा हं काका, सरकारी आहे." पुढचं बोलायला जीभच रेटेना.

आज ती आली तेव्हा लक्ष्मम्माकाकू त्याच खांबाला टेकून शर्टाची काजं करत बसल्या होत्या. तिने आधी काच पाहिली. अखंड! तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, काच शाबूत आहे की!"

"असणारच!" काकांनी खुशीत मशीन थांबवली. "दोनदा फुटली. सरकारी वस्तू आमच्यात फुटली म्हनल्यावर साहेब लोक तुलाच बोलले असते न्हाई का? शेजारच्या फ्रेमवाल्याकडून तशीच कापून आणली अन् बसवली. वळखू येतंय का बघ!"

धम्मप्रिया मटकन बाकड्यावर बसली. अगं बाई, हे काय होऊन बसलं! तिला बोलणी बसू नयेत म्हणून काकांनी काच बदलली, आणि काकांना वाईट वाटू नये म्हणून तिने काचेचा अर्थच सांगितला नव्हता. दोघांनी मिळून मरण झाकून ठेवलं होतं, आणि काकू त्याला पाठ लावून बसल्या होत्या.

"काका, ती फुटावी म्हणूनच लावली होती," ती कशीबशी म्हणाली. "फुटली म्हणजे खांब चाललाय. दुकान आत्ताच बंद करावं लागेल."

"काहीतरीच! भूकंपात हलली न्हाई ही बिल्डिंग. अन् दुकानाबिगर मी करू काय? घरात बसून भिंती बघू?"

धम्मप्रियाच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"जन्मभर मला शिव्या द्या, काका. पण काकू तिथं बसतात हो."

काकांनी मान वळवली. काकूंकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं.

"दोन्ही बारीला फुटली तवा ही हितंच व्हती," ते पुटपुटले. मग पुढे होऊन त्यांनी काकूंचा दंड धरला. "ऊठ."

"एक काज राह्यलंय."

"ऊठ म्हनतो ना!"

काकूंना रस्त्यापलीकडे नेऊन बसवलं आणि काका स्वतःच ओरडत सुटले, वरच्यांना, फ्रेमवाल्याला, सगळ्यांना. धम्मप्रियाने ऑफिसला फोन लावला. इमारत रिकामी झाली तसं काकांनी शटर ओढलं आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"कुलूप तू लाव. माझ्यानं व्हत न्हाई."

तिने कुलूप लावलं. ती रस्त्यापलीकडे गेली तेव्हा काका ओट्यावर काकूंच्या शेजारी बसले होते.

"एवढी भ्यालीस व्हय गं सांगायला?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलो असतो की. लई रागावलो असतो." काकांनी खांद्यावरच्या रुमालाने तिचे डोळे पुसले. "पर उठलो असतो, पोरी."