उसनी दिलेली काथवट

मी एक जुनी काथवट आहे, मित्रांनो. पण तुमच्या घरच्यासारखी पसरट नव्हे. ओकच्या फळ्या जोडून, भोवती कडी ठोकून मला टपासारखी उभी केली आणि वर झाकण दिलं. आमच्या दूरच्या बर्फाळ मुलखात, वोर्स्क्ला नदीकाठी, मला दिझा म्हणतात. माझी मालकीण ओरिना, तिच्या सासऱ्याने मला घडवलं. शेवटचं कडं बसवताना तो देवाचं गाणं गुणगुणत होता. म्हणूनच की काय, कुणी गाऊ लागलं की माझं लाकूड अजून सुखावतं.

माझी जागा देवाच्या तसबिरींखालच्या बाकावर. मला धूत नसत. तळाशी थोडं आंबवण राखून ठेवत, त्यावर पुढच्या पावाचं पीठ फुगे. फुगत्या पिठावर परक्याची नजर पडू देत नसत. आणि मला उसनी तर कधीच देत नसत. दिझा उंबऱ्याबाहेर गेली की घरची बरकत गेली, असं शेंबडं पोरही सांगे.

काय दिवस होते ते! शनिवारी ओरिना पीठ मळायला घेई आणि तिचा मुलगा यूखिम, गावचा शाळामास्तर, चुलीशी वही घेऊन बसे. पूर्वी आंधळे गायक दारोदार देवाची गाणी गात फिरत. सरकारने त्यांचं गाणं केव्हाच बंद पाडलं होतं. ती गाणी म्हाताऱ्यांकडून ऐकून यूखिम उतरवून घेई, मधूनमधून स्वतःच्या ओळीही लिही. लिहिलेलं आईला गाऊन दाखवी, तिला ते पाठच होऊन जाई. सगळं मायबोलीत, आणि सरकारला तर ती बोलीच नकोशी. तोच त्याचा गुन्हा ठरला. एकोणीसशे बाहत्तरच्या जानेवारीत पोलिसांनी त्याला शाळेतूनच उचलून नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी टपालवाली बाई दाराशी येऊन सांगून गेली, "झडतीवाले निघालेत गं."

वही सापडली असती तर यूखिमची शिक्षा वाढली असती, आणि ती गाणी चुलीत गेली असती. ओरिनाने वही मेणकापडात गुंडाळली, माझ्या तळाशी ठेवली आणि वर भिजवलेलं पीठ ओतलं. मग मला बर्फावरच्या घसरगाडीवर चढवून तिने भर दिवसा रस्ता ओलांडला, तो थेट पारास्काच्या फाटकाशी. बदकांवरून दोघींचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. मैत्रिणींची घरं झडतीवाले नक्की उलटीपालटी करणार. वैरिणीकडे कोण बघतंय?

"दिझा घेऊन आलीस?" पारास्काने कमरेवर हात ठेवले. "डोकं ठिकाणावर आहे ना, ओरिने? माझी बदकं मेली तेव्हा तर नाचली होतीस."

"नाचले नव्हते. हसले होते नुसती. ठेवून घे, पारास्के."

पारास्काने पिठात हात घातला, पार कोपरापर्यंत. तिच्या बोटांना वही लागल्याचं मला कळलं. तिने वरून पीठ सारखं केलं. मग म्हणाली, "बाई, पीठ किती घट्ट भिजवलंयस. आण आत."

ओरिनाच्या घरी काहीच मिळालं नाही. थंडीने काकडलेला झडतीचा शहरी साहेब गरम दूध मागत पारास्काकडेच आला. सोबत गावचा प्रमुख तिमिश. चुलीच्या उबेने पीठ इतकं फुगलं की माझं झाकण वर उचललं. साहेब डोकवायला वाकला.

"नजर लावू नका, साहेब," पारास्काने झाकण दाबून धरलं. "पाव बसला तर माझ्या म्हाताऱ्याला काय घालू, तुमचे कागद?"

तिमिशने माझ्याकडे पाहिलं. माझ्या कडेचा जळका डाग त्याच्या ओळखीचा होता. ओरिनाचा रिकामा बाकही तो नुकताच बघून आला होता. माझ्या फळ्या आवळून आल्या.

"खरंय, साहेब," तो म्हणाला. "आमच्याकडे असं बघत नाहीत. दूध निवतंय, घ्या."

वही पुढे मेणकापडासकट पारास्काच्या उशीत शिवली गेली. मी तिच्याकडेच राहिले. दर शनिवारी ओरिना रस्ता ओलांडून यायची. दोघी एकाच पिठात हात घालून मळायच्या, भांडायच्या आणि त्या वहीतली गाणी हळूच म्हणायच्या. माझ्या आयुष्यातले तेच सोन्याचे दिवस. पाचव्या वर्षी ओरिना वारली.

सातव्या वर्षी यूखिम सुटून आला, दात पडलेला, केस पिकलेला. पारास्काने उशी उसवली. मेणकापडाला चीर होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आंबट ओलीने चार पानांवरची शाई पुसून गेली होती. तो त्या निळ्या डागांवरून नुसता बोट फिरवत राहिला. मित्रांनो, त्या वेळी मला चुलीत घातलं असतं तरी मी हूं केलं नसतं.

"रडतोस काय, मास्तर," पारास्का म्हणाली. "पेन्सिल घे."

आणि ती गाऊ लागली. घोगऱ्या, बेसूर आवाजात, एकही शब्द न चुकता, चारही पानं. यूखिम लिहीत गेला.

"मावशी, जरा हळू."

"तुझी आई याहून भरभर म्हणायची."

आज मला कुणी वापरत नाही. कोरडं पडून माझ्या फळ्यांत भेगा गेल्यात. जुन्या लाकडाला कामाचीच काय ती ओल. घरातल्या जुन्या वस्तू सांभाळा, मित्रांनो, वह्याही सांभाळा. पण मी ओकची, जाड फळ्यांची, आणि तरी चार पानं राखू शकले नाही. म्हणून विनवते, एखादं तरी गाणं पाठ करा, आणि शेजारणीलाही शिकवून ठेवा. तिच्याशी बोलणं बंद असेल, तर आधी तिला.