पीटर्सन आणि फिलिप्सच्या मधे

“शाले, आला का गं पेपर? जल्दी काढ, डेपोत गाडी खोलून ठिवलीय.”

ग्रीसचे हात काउंटरला लागू नयेत म्हणून धर्मराजमामा ते पाठीमागे धरून उभे होते. जाफराबादच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि मामा एसटीत मेकॅनिक. त्यांची लेक आकांक्षा विद्यापीठात पीएच.डी. करायची. परदेशात सूक्ष्म कणांची टक्कर घडवणारं भलंमोठं यंत्र आहे, त्यातल्या कण टिपणाऱ्या पट्ट्या तपासायची. त्या कामाचा शोधनिबंध निघाला की शेवटी तीन हजार जणांची नावं आडनावांच्या इंग्रजी क्रमानं येतात, त्यात तिचंही. गेल्या वर्षी डेंग्यूनं चार दिवसांत पोर गेली. नाव मात्र येत राहिलं. तिच्या गाइड अरुंधती मॅडम फाइल पाठवायच्या, मी नावांची पानं काढून द्यायचे आणि नंदामामी ती देव्हाऱ्यात ठेवायच्या.

“शेजारी बरे हायत ना?” मामा दर वेळी विचारायचे. शेजारी म्हणजे यादीत तिच्या वरचा पीटर्सन आणि खालची फिलिप्स.

आज सकाळी मी फाइल उघडली, तर नावच नाही. दोनदा शोधलं. मॅडमना फोन लावला.

“नियम आहे गं त्यांचा. काम थांबल्यावर वर्षभरच नाव राहतं,” त्या म्हणाल्या.

मेला नियम! तीन हजारांत एक पोर जड झाली यांना?

मी गुपचूप मागच्या वेळचीच पानं काढून मामांपुढे धरली. त्यांनी लांबूनच वाचलं, “बराबर” म्हणाले, हात कापडाला पुसून पानं घेतली आणि पायरीपर्यंत गेले. तिथून परत फिरले.

“शाले, ह्ये मागचंच हाय. तवा बी तिचं नाव वरून नवव्या वळीत व्हतं. दर बारीला वळ बदलती, पोरी.”

मला रडूच कोसळलं. काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

“नवं दे,” एवढंच म्हणाले.

नवं पान काढून मी काउंटरवर ठेवलं. पीटर्सन, आणि त्याच्या खाली लगेच फिलिप्स. मामा हात पाठीमागे धरून त्यावर वाकले.

“तिच्या जागी कोन्ही न्हाई बसवलं,” ते म्हणाले. “निस्तं सरकून घेतलं.”

“मामा, मामीला काय सांगणार?”

“जुनंच देतो. तिला कुठं वाचाय येतं. ‘पोरगी अजून काम करून राह्यली’ म्हन्ती अन् हात जोडती. जोडू दे.”

जुनी पानं त्यांनी पिशवीत घातली. मग पहिल्यांदाच, हात न पुसता, नव्या पानाला हात लावला. दोन नावांच्या मधे काळ्या नखानं एक बारीक रेघ ओढली, घडी घातली आणि खाकी शर्टाच्या खिशात ठेवून ते डेपोकडे निघाले.