सरळ चेंडूची शिकवणी

नळ आणि बेसिनं बनवणाऱ्या त्या कंपनीत बढत्या कचेरीत ठरत नसत. कचेरीत बैठका होत, भिंतीवर तक्ते दाखवले जात, चहाबरोबर बिस्किटांचा फडशा पडे. पण कोणाला वर चढवायचं आणि कोणाला लांब धाडायचं, हे थोरले साहेब रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर ठरवत. त्यांच्या केबिनमध्ये, खुर्चीच्या बरोबर मागे, एक वाक्य चौकटीत लावलेलं होतं: 'जो माणूस चेंडू सरळ मारतो, तो कामही सरळ करतो.' वाक्य साहेबांचं स्वतःचं होतं. चौकट कंपनीच्या खर्चाने झाली होती.

खरेदी खात्याच्या उपप्रमुखाने ते वाक्य चक्क खरं मानलं. त्याला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि त्यात कौतुकाचा भाग बेताचाच होता. बिलावरची तारीख चुकली की कागद परत धाडणारा, लिफ्टमध्येसुद्धा भिंतीला समांतर उभा राहणारा, असा हा नाकासमोर चालणारा गृहस्थ. एवढ्या मोठ्या माणसाने चौकट करून लावलेली गोष्ट नुसती शोभेची असू शकते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

खात्याचा प्रमुख निवृत्त होत होता. त्या खुर्चीसाठी उमेदवार दोनच: फूटपट्टी, आणि विक्री खात्यातला एक ऐसपैस हसणारा माणूस, ज्याला सगळी कंपनी गप्पिष्ट म्हणायची. एकाला खुर्ची मिळणार आणि दुसऱ्याची रवानगी डोंगरापलीकडच्या नव्या कारखान्यावर होणार, हे जगजाहीर होतं. फूटपट्टीला खुर्चीचा तसा मोह नव्हता. त्याला धास्ती होती ती घरची. लग्नानंतरची निम्मी वर्षं त्याने बदलीच्या गावी भाड्याच्या खोल्यांत काढली होती. तो तिकडे, बायको इकडे. आता कुठे दोघं एका छपराखाली आली होती. ती शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं घरी बसून तपासायची, आणि तिने एकदा लाल पेन्सिल खाली न ठेवताच सांगून टाकलं होतं, की यापुढे फोनवरचा संसार ती करणार नाही आणि सामान बांधून त्याच्या मागे मागे फिरणारही नाही. मग तिसरं काय उरतं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

तेव्हा त्याने शिकवणी लावली.

कोच म्हणे कधीकाळी विजेता होता. कशाचा, ते विचारण्याची पद्धत नव्हती. त्याने फूटपट्टीचा पहिला फटका पाहिला. चेंडू निघाला ऐटीत, आणि मध्येच काही विसरल्यासारखा उजवीकडे वळून कुंपणापार झाला. कोच म्हणाला की काठी बाहेरून आत ओढली जाते आणि तिचं तोंड उघडं राहतं, म्हणून चेंडू पळतो. यावर औषध आहे, पण कडू आहे. मग औषध सुरू झालं. डावी मूठ अशी फिरवायची, की वरून पाहताना बोटांचे दोन सांधे दिसावेत. पकड सैल ठेवायची, टूथपेस्टची उघडी नळी धरावी इतकी. उजव्या काखेत रुमाल धरायचा आणि काठी चेंडूला लागेपर्यंत तो पडू द्यायचा नाही. काठी खाली आणताना आधी कंबर वळली पाहिजे, मग खांदे, आणि हातांनी सगळ्यात शेवटी यायचं, लग्नाला उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसारखं. चेंडूच्या पलीकडे जुना बूट ठेवायचा. बुटाला काठी लागली की फटका बाद.

फूटपट्टीने हे सगळं डोळ्यांत तेल घालून केलं. घरात छत्री घेऊन सराव झाला, त्यात दिवाणखान्यातला दिवा कामी आला. एकदा तर तो काखेत रुमाल तसाच ठेवून जेवायला बसला. बायको काही विचारायला आली, की तो जमिनीवरच्या एका ठिपक्याकडे बघत बोट वर करायचा, कारण फटका पुरा होईपर्यंत डोकं हलवायचं नसतं. फटका पुरा होईपर्यंत ती स्वयंपाकघरात गेलेली असायची. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं. आपण हे तिच्यासाठीच तर करतोय, या समाधानात त्याला ते कळलंही नाही.

आणि चेंडू सरळ गेला. एकदा नाही, दर वेळी. कोचने त्याचा व्हिडिओ काढून इतर शिष्यांना दाखवला.

मग साहेबांनी दोघांना रविवारी बोलावलं. पहिला फटका साहेबांचा. चेंडू उजवीकडच्या झाडीत गेला. साहेबांचा चेंडू गेली कित्येक वर्षं तिथेच जात होता आणि ते दर वेळी नव्याने चकित होत. गप्पिष्टाचा चेंडूही त्याच झाडीत शिरला. फूटपट्टीने काखेतला न दिसणारा रुमाल सांभाळला, कंबर आधी वळवली, आणि चेंडू गवताच्या मधोमध लांब जाऊन पडला. त्याने साहेबांकडे पाहिलं. "छान," साहेब म्हणाले, शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकल्यासारखं. मग ते आणि गप्पिष्ट चेंडू शोधायला झाडीत गेले, आणि फूटपट्टी मोकळ्या गवतातून एकटा चालू लागला.

पुढच्या फटक्याला तेच झालं. त्याच्या पुढच्यालाही तेच. झाडीतून हसणं ऐकू यायचं, साहेबांच्या गुडघ्याची चौकशी ऐकू यायची, जावयाचं काय चाललंय तेही ऐकू यायचं. निम्मं मैदान संपल्यावर फूटपट्टीच्या डोक्यात प्रकाश पडला. गोल्फमध्ये मारणं घटकाभर आणि चालणं सकाळभर असतं, आणि माणूस चालतो तो ज्याचा चेंडू आपल्या चेंडूजवळ पडलाय त्याच्याबरोबर. त्याने मनातल्या मनात कंपनीचा वरचा मजला फिरून पाहिला. हिशेबप्रमुख उजवीकडे मारायचा. कारखानाप्रमुख उजवीकडे मारायचा. निवृत्त होणारा त्याचा साहेब तर झाडीत स्टूल घेऊन जायचा. आणि आपण शिकवणी लावून पहिल्या दिवसाचा तो सोन्यासारखा फटका घालवून बसलो!

त्याने वाकडं मारायचा आटोकाट प्रयत्न केला. मूठ आवळली, तर बोटं आपोआप सैल झाली. खांदे आधी फिरवायला गेला, तर कंबर पुढे धावली. औषध अंगात भिनलं होतं. शेवटी लाजलज्जा सोडून त्याने सरळ झाडीवरच नेम धरला आणि मारलं. चेंडू दोन खोडांच्या मधून, एका पानालाही न शिवता, पलीकडच्या मैदानात जाऊन पडला. तिथेही मधोमध.

तो झाडीत शिरला. आडव्या पडलेल्या खोडावर साहेब आणि गप्पिष्ट पाय पसरून बसले होते. चेंडू शोधण्याची घाई कोणालाच दिसत नव्हती. इथे थांबायला आपल्याकडे काही निमित्त हवं, म्हणून तो घुटमळला.

"अहो, त्यांना वाट द्या," साहेब गप्पिष्टाला म्हणाले. "त्यांचा चेंडू पुढे गेलाय."

गप्पिष्टाने अदबीने पाय आखडते घेतले, आणि फूटपट्टी मधून निघून गेला.

खेळ संपल्यावर साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोंडभर स्तुती केली. असा फटका त्यांनी कंपनीत कोणाचा पाहिला नव्हता. "तुम्हाला कोणाची सोबत लागत नाही, हे मी आज डोळ्यांनी पाहिलं. डोंगरापलीकडे असाच माणूस हवा."

घरी बायको टेबलावर मुद्रितं पसरून बसली होती. त्याने बूटही न काढता सगळं सांगितलं: चौकट, झाडी, खोड, सगळं. कोचने शिकवलेलं त्या दिवशी पहिल्यांदाच सुटलं. बोलताना त्याचं डोकं हलत होतं, हात हलत होते, आवाजही.

"मला नाही जायचं," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय पुन्हा राहायची मला भीती वाटते."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "बदलीच्या गावी होतास तेव्हा निदान फोनवर बोलायचास. या शिकवणीत तेही गेलं. आज किती दिवसांनी बोलतोयस, माहितीये?"

त्याला माहीत नव्हतं. माहीत नसल्याची त्याला मनापासून लाज वाटली.

तिने विचारलं, तिथे आहे काय? त्याने सांगितलं: कारखाना, राहायला दोन खोल्यांचं घर, एखाददुसरं दुकान, बाकी नुसते डोंगर.

"गोल्फचं मैदान?"

"छे. सपाट जमीनच नाही तिथे."

"मग मी येते," ती म्हणाली आणि टेबलावरचे कागद गोळा करायला लागली.