मागच्या लिफ्टमधल्या मावशी

मित्रांनो, तुमच्यापैकी फार थोड्यांनी मला पाहिलं असेल, कारण मी इमारतीच्या मागच्या अंगाला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी असते. मी एक जुनी लिफ्ट आहे. पुढच्या दालनात आहे ती माझी जुळी बहीण. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात आम्ही तयार झालो. तेच दोर, तीच मोटर आणि दोघींच्याही अंगावर तीच अक्षरं: आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. पण बसवताना तिला आरसा आणि पंखा मिळाला, मला नुसता पत्रा. माझ्या दाराशी पाटी लागली: 'नोकर, सामान आणि कुत्रे यांच्यासाठी.'

पुढे रहिवाशांची सभा झाली आणि कुत्र्यांना पुढच्या लिफ्टने जायची परवानगी मिळाली. रंगाऱ्याने येऊन पाटीवरचा तेवढाच शब्द पुसला. बाकीची पाटी अजून तशीच आहे.

तरी मी कुरकुर केली नाही. बहिणीकडे माणसं आरशात बघतात, माझ्याकडे एकमेकांशी बोलतात. गॅसवाला, इस्त्रीवाला, धुणंभांडी करणाऱ्या बायका, सगळे बोलत चढायचे आणि बोलत उतरायचे. मग मी एकटी. मला सगळ्यांत जवळच्या होत्या सहाव्या मजल्यावर स्वयंपाक करणाऱ्या मावशी. चौदा वर्षं, रोज सकाळी आठला. माझं दार अडखळलं की म्हणायच्या, "गुडघे धरले का गं? माझेही धरलेत." दुरुस्तीवाल्यानेही माझी अशी चौकशी कधी केली नाही.

दोन महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावर दातांची एक तरुण डॉक्टर भाड्याने राहायला आली. ती मावशींची लेक. पण मला सोडून इमारतीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सामान माझ्यातून वर नेताना मावशींनीच तिला बजावलं होतं, "इथे मला आई म्हणायचं नाही. मी घरोघरी राबते हे घरमालकाला कळलं, तर तुला घर खाली करायला लावेल."

सहाव्यावरचं काम आटोपलं की मावशी माझ्यातून चौथ्यावर उतरायच्या. रखवालदार विचारायचा, "मावशी, नवीन घर धरलंत वाटतं?"

"हो रे बाबा. एकटीच बाई आहे, फार काम नसतं."

पोटच्या पोरीला भेटायला त्यांना मोलकरणीचं सोंग घ्यावं लागत होतं.

मग बहिणीची मोटर जळाली आणि नाकाला रुमाल लावून सगळी इमारत माझ्याकडे आली. एका दुपारी सहाव्यावरून मावशी आणि त्या घरच्या काकू माझ्यात चढल्या. चौथ्यावर डॉक्टर आत आली.

"अय्या, डॉक्टर!" काकू म्हणाल्या. "एकटी राहतेस, जेवणाचं काय करतेस गं? आमच्या मावशींना सांगू का? हाताला चव आहे त्यांच्या." आणि मावशी म्हणजे माझ्याच पत्र्याचा एक तुकडा असावा, अशा मोकळ्या आवाजात पुढे म्हणाल्या, "फक्त कपाटाला कुलूप लावत जा. चौदा वर्षांत आमचं काही गेलं नाही, पण शेवटी ही माणसं."

मावशी दारावरचे आकडे बघत होत्या. तीन. दोन.

"काकू, ही माझी आई आहे," डॉक्टर म्हणाली.

काकू खळखळून हसल्या. "काहीतरीच तुझं! तुझ्याकडे बघून वाटतं का तसं? काय हो मावशी?" त्यांना राग आला नव्हता, मित्रांनो. त्यांना ते खरंच वाटलं नव्हतं.

"गंमत करतायत डॉक्टर," मावशी म्हणाल्या.

दार उघडलं. काकू हसतच निघून गेल्या. लेक हलली नाही.

"आई, मी गंमत आहे का तुझी?"

"तुझं घर जाईल. माझं काम जाईल."

"जाऊ दे गेलं तर."

"तुला म्हणायला काय जातंय!"

लेक ताडताड चालती झाली. मावशी आतच राहिल्या. दार मिटलं. कुणी बटण दाबलं नाही. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

पुढचे तीन दिवस मावशी चौथ्यावर उतरल्या नाहीत. बोट चारच्या बटणापर्यंत जायचं आणि मागे यायचं.

चौथ्या दिवशी बहीण दुरुस्त झाली. सकाळी आठला मावशी आल्या. मी दार उघडलं, पण त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. "येते गं," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या दालनाकडे वळल्या.

"मावशी, इकडून कुठे?" रखवालदाराचा आवाज आला.

"चौथ्यावर. लेकीकडे."

"लेक?"

"डॉक्टर आहे ना, ती. तोंड मिट आता, नाहीतर तुझेही दात तपासायला सांगीन तिला."

भिंतीपलीकडे बहिणीची मोटर सुरू झाली. ती चौथ्यावर बराच वेळ थांबली, मग सहाव्यावर गेली. तिथे काकू काय म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. आठवड्याने सहाव्यावर दुसरी बाई कामाला लागली, तेव्हा समजलं. चौथ्यावरचं घर मात्र टिकून आहे, अजून तरी. मावशी तिथे येतात, पुढूनच.

मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगते, त्या सकाळी मला वाईटच वाटलं. या बाई आपल्या, मागच्या, असं मीही धरून चालले होते. काकूंनी जे केलं तेच मी केलं, फक्त मायेने. एकटं उभं राहिलं की असल्या गोष्टी उशिरा का होईना, कळतात.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. लिफ्टमध्ये तुमच्या शेजारी कुणी आलं, तर त्याच्या पिशवीकडे, चपलांकडे बघून त्याचा मजला तुम्ही ठरवू नका. त्यालाच विचारा, "कितवा मजला?" आणि सांगेल ते बटण दाबा. आणि पुढची लिफ्ट रिकामी असली, तरी एखादे वेळी मागच्या बाजूलाही या. मी बहुतेक वेळ तळमजल्यावरच असते.